फडाचा धडा : ग्रामसभेचा निर्णय टिकतो कसा?

ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना लागते. दवंडी दिली जाते, आता मोबाइलवरही निरोप जातो. ठरलेल्या दिवशी चावडीपुढे वीस-पंचवीस माणसे जमतात. गणपूर्तीला लागणारी संख्या भरत नाही, म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला नियमाप्रमाणे गणपूर्तीचे बंधन नसते. त्यामुळे पुढे तेवढ्याच माणसांसमोर विषय वाचले जातात, ठराव लिहिले जातात आणि सह्या होतात. पुष्कळ गावांतून हे चित्र पाहावयास मिळते. अशा ठरावाचे पुढे काय होते, तेही सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी तो करावयाचा ते सभेत नव्हते, आणि जे सभेत होते त्यांना तो करावयाचा नव्हता. साहजिकच ठराव वहीत राहतो.

गावात दिवा कोठे लावावा एवढाच प्रश्न असता, तर ही गोष्ट तितकीशी गंभीर ठरली नसती. परंतु आज खानदेशातील गावांपुढे पाण्याचा प्रश्न उभा आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल या केळीच्या तालुक्यांत उपसा वाढत गेला, तसतशी भूजलाची पातळी खाली गेली. धुळे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात विहिरी उन्हाळ्याच्या तोंडावर तळ दाखवितात. जमिनीखालचे पाणी एका शेताच्या बांधापाशी थांबत नाही. एकाने उपसले की शेजाऱ्याचे उणे होते. म्हणून त्याचा निर्णय एकट्याला करता येत नाही, आणि केवळ सरकारी हुकमानेही तो पाळला जात नाही. तो सर्वांनी मिळून करावा लागतो. लोकांनी मिळून केलेला निर्णय लोकांकडूनच पाळला जावा, यासाठी काय असावे लागते, हा या पाठाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पांझरेच्या काठी ते कित्येक पिढ्यांपासून आहे.

फड पद्धत म्हणजे काय?

धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर फड पद्धतीचे सिंचन सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून चालत आले असे मानले जाते. मोसम व आरम गिरणेला मिळतात. गिरणा व पांझरा तापीला मिळतात. म्हणजे हा सर्व तापीच्या खोऱ्याचाच प्रदेश होय. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा, त्यामुळे चढलेले पाणी पाटाने काठच्या जमिनीवर न्यावयाचे, पाटातून चाऱ्या काढावयाच्या आणि उरलेले पाणी पुन्हा नदीकडे सोडावयाचे, अशी ही रचना आहे. पाटांची लांबी साधारणतः दोन ते बारा किलोमीटर असते. बंधाऱ्यात मोठा साठा होत नाही. नदी जितके पाणी देईल तितकेच वाटावयाचे असते.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व क्षेत्रास 'थळ' म्हणतात. या थळाचे बहुधा तीन किंवा चार भाग पाडलेले असतात. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे 'फड'. फड लहान-मोठे असतात. दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत त्यांचे क्षेत्र आढळते. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे, असा नियम असतो. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू वा हरभरा, आणि तिसरा पड असेल. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होते. त्यामुळे जमिनीचा कस राहतो. सगळ्यांचे पीक एकच असल्याने पाण्याची पाळी लावणे, राखण करणे व कापणी उरकणे ही कामे सोपी होतात.

कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे व कोणता फड पड ठेवावयाचा, हे हंगामापूर्वी बागायतदारांच्या सभेत ठरते. सभा आपल्यातून पंच निवडते. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असतो आणि पिकाच्या राखणीसाठी जागल्या असतो. त्यांचा मोबदला बागायतदारच देत आणि तो पूर्वी धान्याच्या रूपाने दिला जाई. पाटाचा गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामेही लाभधारकांनीच क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावयाची असत. शेताला पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने बारे फोडावयाचे नाही, ही शिस्त होती.

टंचाईच्या वर्षाचे गणित

या पद्धतीचे मर्म टंचाईच्या वर्षी कळते. ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका बंधाऱ्याखाली ४०० एकरांचे थळ आहे. त्याचे प्रत्येकी १०० एकरांचे चार फड आहेत. शेतकरी १०० आहेत आणि प्रत्येकाची प्रत्येक फडात एक एकर, याप्रमाणे चार एकर जमीन आहे. पाऊस कमी झाला आणि नदीला केवळ २०० एकर भिजतील एवढेच पाणी राहिले. तेव्हा सभा ठरविते, की यंदा दोनच फड भिजवावयाचे. याचा परिणाम असा, की शंभरही शेतकऱ्यांचे दोन-दोन एकर भिजतात. कोणाचेही घर कोरडे राहत नाही.

आता याच ४०० एकरांत प्रत्येकाची चार एकर जमीन एकाच ठिकाणी आहे, असे समजू. पाणी तेवढेच, म्हणजे २०० एकरांचे. पाटाच्या तोंडाजवळचे पन्नास शेतकरी आपले चारही एकर भिजवितात, आणि शेवटच्या पन्नास शेतकऱ्यांपर्यंत थेंबही पोहोचत नाही. पाणी तेच, जमीन तीच, माणसेही तीच. परंतु पहिल्या व्यवस्थेत तुटीची वाटणी होते व दुसरीत तुटीचा सर्व भार निम्म्या घरांवर पडतो. पहिल्या व्यवस्थेतील शेतकरी सभेला येतो, कारण कोणताही फड बंद झाला तरी त्याचे नुकसान आहे आणि कोणताही फड भिजला तरी त्याचा लाभ आहे. दुसऱ्या व्यवस्थेत तोंडाजवळच्या शेतकऱ्यास सभेची गरज वाटत नाही, आणि शेवटच्यास सभेचा भरवसा वाटत नाही.

सामान्यतः प्रत्येकाची प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन असणे, हा फड पद्धतीचा पाया होय. एरवी तुकडे पडलेली जमीन शेतीस अडचणीची मानली जाते. येथे मात्र त्या विभागणीनेच सर्वांचे हित एकत्र बांधले गेले.

फडापासून घ्यावयाचे चार धडे

पहिला धडा वेळेचा आहे. फडाची सभा पेरणीपूर्वी होते. पीक उभे राहिल्यावर पाण्याचा वाद मिटविणे कठीण असते, कारण तेव्हा प्रत्येकाचे बियाणे व खत जमिनीत गेलेले असते.

दुसरा धडा विषयाचा आहे. सभेपुढील प्रश्न मोजता येण्यासारखा असतो. किती फड, कोणते पीक, किती पाळ्या, असे तो विचारला जातो. 'पाणी जपून वापरावे' असा ठराव फडाच्या सभेत होत नाही. त्याचे पालन झाले की नाही, हे कोणासही सांगता येणार नाही.

तिसरा धडा अंमलबजावणीचा आहे. निर्णय सर्वांचा, परंतु तो अमलात आणण्याचे काम एका नेमलेल्या माणसाचे असते. पाटकऱ्यास सर्व लाभधारक मोबदला देतात, म्हणून तो सर्वांना उत्तरदायी राहतो. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नव्हे, ही अवस्था त्यामुळे येत नाही.

चौथा धडा तुटीचा आहे. पाणी कमी पडल्यास काय करावयाचे, याचा नियम आधीच ठरलेला असतो. संकट आल्यावर नियम करू गेल्यास ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम होतो.

फडाच्या उणिवा

जुन्या व्यवस्थेचे गुण सांगताना तिच्या उणिवा झाकून ठेवणे योग्य नव्हे. फडाची सभा ही थळातील जमीनधारकांची सभा होती. ज्याची जमीन थळात नाही अशा शेतकऱ्यास, भूमिहीन मजुरास आणि घरातील स्त्रीस तीत स्थान नव्हते. ऊस तोडणारे, निंदणी करणारे व पाट उकरणारे हात पुष्कळदा त्यांचेच होते, परंतु निर्णय त्यांचा नव्हता.

पुढे परिस्थितीही बदलली. नद्यांच्या वरच्या भागात धरणे झाल्यावर पात्रातील प्रवाहाचे मान बदलले. थळात व थळाबाहेर विहिरी झाल्या, त्यांवर विजेचे पंप बसले, आणि ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यास सभेवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. सामायिक पाटाची दुरुस्ती मागे पडू लागली. काही बंधाऱ्यांवर फड आजही चालतात, परंतु पूर्वीचा जोम अनेक ठिकाणी राहिला नाही. या घटनेतही शिकण्यासारखे आहे. पाटाचे पाणी डोळ्यांना दिसत होते, म्हणून ते सामायिक वाटले. विहिरीचे पाणी दिसत नाही, म्हणून ते ज्याच्या त्याच्या मालकीचे वाटले. वास्तविक दोन्ही पाणी सामायिकच आहे.

ग्रामसभेचा अधिकार

फडाच्या सभेत जे नव्हते, ते ग्रामसभेने दिले. राज्यघटनेच्या चाळिसाव्या अनुच्छेदात ग्रामपंचायतींची संघटना करण्याचे तत्त्व सांगितले आहे. १९५८ साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला, आणि तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली व ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिक व्यापक अधिकार दिले. धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील आदिवासी गावे अशा क्षेत्रात येतात. तेथे पाड्यासही आपली स्वतंत्र ग्रामसभा मिळू शकते.

गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यास निवडून यावे लागत नाही. जमीन असो वा नसो, त्याचा अधिकार सारखाच. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या शेकडा १५ किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य हजर असावे लागतात. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे.

तेव्हा स्थिती अशी आहे. फडाच्या सभेत जबाबदारी होती, परंतु समता नव्हती. ग्रामसभेत समता आहे, परंतु पुष्कळ गावी जबाबदारी आलेली नाही. या दोहोंचा मेळ घालणे हेच आजचे काम होय.

मेळ घातलेली गावे

हे काम अशक्य नाही, हे साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने दाखविले आहे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत या गावाचे भोवतालचे जंगल जवळजवळ उजाड झाले होते आणि पाण्यासाठी बायकांना वणवण करावी लागत होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने एकत्र बसून जंगल राखण्याचे नियम केले. वृक्षतोडीस दंड ठरला व राखणीची पाळी घराघरांवर आली. सुमारे ११०० एकर जंगल गावाने राखले. जंगलाबरोबर पाणी आले व पाण्याबरोबर दुसरे पीक आले. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री किताब जाहीर झाला. येथे फडाचेच नियम वेगळ्या रूपात दिसतात. राखणीची पाळी ठरलेली आहे, दंड आधी ठरलेला आहे, आणि लाभ सर्वांचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा आहे. गावात पर्जन्यमापक आहेत. झालेला पाऊस व उपलब्ध पाणी पाहून कोणती पिके घ्यावयाची, हे ठरते. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाच्या नाहीत, असा गावाचा नियम आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने आणखी एक गोष्ट शिकविली. तेथे निर्णयापूर्वी अभ्यासगट बसतो. प्रश्नाची माहिती गोळा करणे, कायदा समजून घेणे व जाणकारांस विचारणे ही कामे त्या गटात होतात. ग्रामसभा मात्र मतमोजणीऐवजी सर्वसहमतीने निर्णय करते. माहितीवाचून झालेली चर्चा म्हणजे केवळ वाद, हे ओळखून ही रीत पडली आहे.

चिठ्ठी आणि हिशेब

समितीवर कोणी बसावे, या प्रश्नावर गावात नेहमी तट पडतात. याचा एक जुना उपाय तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभीच्या या शिलालेखांत असे दिले आहे, की गावाचे तीस विभाग करावयाचे, पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घागरीत टाकावयाची, आणि लहान मुलाकडून चिठ्ठी उचलवून सभासद ठरवावयाचे. अशा समित्यांमध्ये तलावाची एक समितीही होती. ज्याने पूर्वी पद भोगून हिशेब दिला नाही, त्याचे नाव घागरीत पडत नसे. त्या काळी पात्रतेसाठी जमीन व शिक्षण यांच्या अटी होत्या, त्या आज अर्थातच स्वीकारावयाच्या नाहीत. परंतु चिठ्ठी व हिशेब या दोन गोष्टी आजही घेण्यासारख्या आहेत.

अशीच रीत काही देशांनी अलीकडे पुन्हा आणली आहे. आयर्लंडमध्ये २०१६ साली ९९ सामान्य नागरिक यादृच्छिक निवडीने एकत्र बसविण्यात आले. त्यांनी तज्ज्ञांचे म्हणणे ऐकले, गटागटांत चर्चा केली व शिफारशी दिल्या. त्यांच्या एका शिफारशीवर २०१८ साली साऱ्या देशाचे सार्वमत घेण्यात आले. तेथे हवामानबदलाचा विषयही अशाच नागरिकांपुढे ठेवला होता. चिठ्ठीने निवडलेल्या माणसास पुन्हा निवडून यावयाचे नसते, त्यामुळे त्यास कोणाची मर्जी राखावी लागत नाही. भिशीची चिठ्ठी उचलणाऱ्या खानदेशातील खेड्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

गावपातळीवरील सेवकांनी काय करावे?

ग्रामसभा सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्या सुमारास भरतात. हे दिवस शेतीच्या वर्षाशीही जुळतात. १ मे हा खरिपाच्या आखणीचा काळ, १५ ऑगस्टला निम्मा पावसाळा सरलेला असतो, २ ऑक्टोबर रब्बीच्या तोंडावर येतो, आणि २६ जानेवारीला उन्हाळी पिकांचा विचार करावा लागतो. पाण्याचा विषय ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा, हे उत्तम.

सभेपूर्वी. गावातील निवडक आठ-दहा विहिरींची पातळी सप्टेंबरच्या अखेरीस मोजावी. मोजणीस दोरी व वजन पुरेसे आहे. विहिरी गावाच्या चारही दिशांच्या असाव्यात, आणि मोजणीस त्या त्या भागातील शेतकरी, तसेच शाळेतील मुले सोबत घ्यावीत. आकडे चावडीच्या भिंतीवर ठळक लिहावेत. ज्या आकड्यास सर्वांनी पाहिले आहे त्याविषयी सभेत वाद होत नाही. महिलासभा आधी घेऊन पिण्याच्या पाण्याचे प्रश्न तेथे लिहून घ्यावेत.

पाण्याचा हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजेच १० घनमीटर पाणी. समजा, गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर व पाऊस ६०० मिलिमीटर झाला. एकूण पाणी ३० लाख घनमीटर झाले. त्याचा दहावा भाग जमिनीत मुरला असे उदाहरणापुरते धरल्यास ३ लाख घनमीटर हाती येतात. प्रत्यक्षात हे प्रमाण काळ्या पाषाणाच्या व तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वेगवेगळे असते. ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून विचारून घ्यावे. गावाची वस्ती २,००० आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरल्यास वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर लागतात. जनावरांसाठी सुमारे २०,००० घनमीटर बाजूस ठेवावेत. शेतीसाठी २ लाख ४० हजार घनमीटर उरले.

आता गव्हास सुमारे ४५ सेंटिमीटर पाणी धरल्यास हेक्टरी ४,५०० घनमीटर लागतात, म्हणजे सुमारे ५३ हेक्टर गहू भिजेल. हरभऱ्यास सुमारे २५ सेंटिमीटर धरल्यास ९६ हेक्टर हरभरा भिजेल. प्रवाही पद्धतीच्या केळीस वर्षाला सुमारे १८० सेंटिमीटर धरल्यास केवळ १३ हेक्टर केळी होईल. ठिबक सिंचनाने हे क्षेत्र वाढेल, परंतु पाणी वाढणार नाही. हे आकडे मांडले, की चर्चा आपोआप जमिनीवर येते. २०२० पासून राबविण्यात आलेल्या अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्यातील गावांनीही असे ताळेबंद केले. ते कागदपत्र गावी असल्यास तेथूनच प्रारंभ करावा.

सभेत. सूचनेत 'पाणी व्यवस्थापनाबाबत चर्चा' असे मोघम न लिहिता, 'यंदा रब्बीत किती क्षेत्र भिजवावयाचे व पाणी कमी पडल्यास प्रथम काय बंद करावयाचे' असा स्पष्ट प्रश्न लिहावा. प्रारंभी आकडे वाचावेत. नंतर वाड्या-वस्त्यांप्रमाणे लहान गट करून अर्धा तास बोलू द्यावे. मोठ्या सभेत जो बोलत नाही तो गटात बोलतो. गटाचे म्हणणे शक्यतो स्त्रीने किंवा तरुणाने मांडावे. सेवकाने माहिती द्यावी, परंतु निर्णय सुचवू नये. सेवकाचा निर्णय गाव ऐकून घेते, पण आपला मानत नाही.

ठरावात चार गोष्टी अवश्य असाव्यात. काय करावयाचे, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत करावयाचे, आणि न झाल्यास पुढे काय. मोजणी व देखरेखीसाठी पाच-सात जणांची समिती नेमावी. इच्छुक अधिक असल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. स्त्रिया, भूमिहीन व दूरच्या वस्त्या यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात, म्हणजे कोणी वगळले जाणार नाही.

सभेनंतर. दर महिन्यास त्याच विहिरी पुन्हा मोजून आकडे भिंतीवर लिहावेत. पुढील ग्रामसभेचा पहिला विषय 'मागील ठरावाचे काय झाले' हाच ठेवावा. हिशेबाशिवाय नवा ठराव घेऊ नये.

नेहमीच्या अडचणी

'लोक येत नाहीत' ही पहिली तक्रार. लोक रिकाम्या सभेस येत नाहीत, आपल्या विहिरीची गोष्ट असल्यास येतात. सभेची वेळ मजुरीच्या वेळेशी येत असेल, तर ती बदलून घ्यावी.

'मोठे बागायतदार ऐकत नाहीत' ही दुसरी तक्रार. ती पुष्कळदा खरी असते. अशा वेळी प्रथम सर्वांना मान्य होईल असा लहान नियम करावा. उदाहरणार्थ, पिण्याच्या विहिरीजवळचा उपसा मार्चनंतर थांबविणे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाची तरतूद महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये आहे. तिचा आधार घेता येतो. लहान नियम एक वर्ष पाळला गेला, की मोठ्या नियमास बळ येते. कालव्याखालील गावांत २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या अधिनियमाप्रमाणे पाणी वापर संस्था असतात. त्यांच्या संचालक मंडळावर कालव्याच्या तोंडाकडील, मधल्या व शेवटच्या भागांस प्रतिनिधित्व दिले आहे. शेवटच्या शेतकऱ्यास आवाज मिळावा, हा फडाचाच विचार त्यामागे आहे.

'एकमत होत नाही' ही तिसरी. एकमत न होणे हा दोष नव्हे. मतभेद कोठे आहे, हे नेमके लिहून घ्यावे, त्याची माहिती गोळा करावी आणि विषय पुढील सभेत पुन्हा घ्यावा. पेरणी तोंडावर असल्यास त्या हंगामापुरता तात्पुरता नियम करावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या गेल्या चार ग्रामसभांतील किती ठराव पुरे झाले? जे झाले नाहीत, ते करणारा माणूस ठरावात नेमलेला होता काय?

२. गावात पाणी निम्म्याने कमी झाल्यास आज त्याचा भार कोणावर पडतो? फडाप्रमाणे तो सर्वांत वाटण्याचा कोणता मार्ग आपल्या गावी शक्य आहे?

३. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचे पाण्याविषयीचे म्हणणे ग्रामसभेपुढे येण्यास काय करावे लागेल?

४. कोणत्या आठ विहिरी मोजल्या असता साऱ्या गावाची स्थिती कळेल?

हे प्रश्न शेतकरी मंडळात, बचत गटात किंवा महिलासभेत वाचून दाखवावेत, आणि उत्तरे वहीत लिहून ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवावीत. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी बंधारा बांधला, तेव्हा त्यांच्या हाती पंप नव्हता, नकाशा नव्हता, कायदाही नव्हता. टंचाईचा वाटा प्रत्येकाने घ्यावयाचा, एवढे मात्र त्यांनी पेरणीपूर्वी एकत्र बसून ठरविले होते. आज गावाच्या हाती कायदा आहे, मोजणीची साधने आहेत, आणि सभेत बसण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास आहे. ऑक्टोबरची सभा तहकूब होऊ न देणे, ही पहिली पायरी होय.